उपासाचं बटण

सोलापुरात त्या वर्षी अन्न कमी नव्हतं. भूकही कमी नव्हती. दोघांची गाठ तेवढी पडत नव्हती. मंगल कार्यालयांच्या मागच्या दाराशी मसालेभाताची पातेली आंबून जायची, आणि तिथून दोन बोळ पलीकडं कुणी तांब्याभर पाणी पिऊन कूस बदलायचं. ह्या दोन दारांमधली वाट तुडवायचं काम कॉलेजातल्या काही पोरापोरींनी अंगावर घेतलं होतं. कार्यालयं, वसतिगृहं, बेकऱ्या, जिथं जे उरेल ते गोळा करायचं आणि दिवस कलायच्या आत अन्नघरांत पोचवायचं. गाव त्यांना 'वाढपी' म्हणायचं, आणि म्हणताना गावाचा आवाज जरा मऊ व्हायचा.

ह्या वाढप्यांत मंजिरी हत्तुरे होती. मंगळवेढ्याची, काळ्या रानातल्या ज्वारीवर वाढलेली, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. हुशार, भराभर बोलणारी, आणि एक गोष्ट अजिबात न सोसणारी: चुकीच्या हातात गेलेलं अन्न. 'ओंजळ' अन्नघराच्या रांगेत पोट भरलेला माणूस दोन पुडे घेऊन जायचा आणि मागचा रिकाम्या हातानं परतायचा, ते बघून तिला रडू यायचं. त्या रडण्यातूनच तिची फुंकणी जन्माला आली.

चूल फुंकायची असते तशीच ती दिसायची, वीतभर नळी, टोकाला एक छोटा दिवा. अन्नघर चालवणाऱ्या पारूताईंनी बघताक्षणी तिचं बारसं करून टाकलं. "ही तर फुंकणी. फक्त हिच्यात फुंकलं की चूल न्हाई, पोट पेटलेलं दिसतं."

आणि ते खरंच होतं. माणूस जेवला की शरीर साखर जाळतं. बारा-पंधरा तास पोटात काही गेलं नाही की साखरेचा साठा सरतो आणि यकृत अंगातल्या चरबीला हात घालतं. लाकूड जळताना धूर निघतो, तसा चरबी जळताना एक वायू सुटतो, अ‍ॅसिटोन. रक्तातून तो फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. अति पिकलेल्या सफरचंदासारखा त्याचा वास. इतका पुसट, की शेजारी झोपलेल्यालाही कळू नये. मंजिरीनं टंगस्टनच्या ऑक्साइडचा केसाहून पातळ थर नळीत बसवला होता. अ‍ॅसिटोनचे कण त्या थरावर टेकले की त्यातून वाहणारी वीज बदलते. किती बदलली ते मोजलं की पोट किती तास रिकामं आहे ते उमगतं. मोठ्या दवाखान्यांत असली यंत्रं होती, पण ती कपाटाएवढी. मंजिरीची दप्तरात मावायची, आणि माणसाचा मागचा श्वासही लक्षात ठेवायची.

हिरवा दिवा म्हणजे जेवलेला. पिवळा म्हणजे एक वेळ चुकलेला. लाल म्हणजे खरा भुकेला. लाल आधी, मग पिवळा, उरलं तर हिरवा.

पहिल्या महिन्यातच पोट भरलेले लोक रांगेतून आपोआप गळाले. "आता खोटं बोलायची सोय राहिली नाही," असं मंजिरी अभिमानानं सांगायची. ऐकणारे माना डोलवायचे.

*

मंजिरी राहायची पूर्वभागातल्या एका बोळात, नरसम्माअक्कांकडं. अक्का जन्मभर विड्या वळत आलेल्या. नवरा माग चालवता चालवता गेला, मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी विड्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून त्या तीन पोरींना जेवू घालायच्या. व्यवहार जुना, घरच्यासारखा: पोरींनी आपापल्या गावाहून ज्वारीचं पोतं आणायचं, अक्कांनी भाकऱ्या थापायच्या आणि त्यातच स्वतःचंही भागवायचं. वर संध्याकाळी 'ओंजळ'चा एक पुडा मिळायचा.

अक्का भाकरी थापता थापता ओवी म्हणायच्या.

भाकरी थापियेते, चंद्रावाणी गोल
वाढता वाढता गं, माझी टोपली झाली खोल

मंजिरीला ती ओवी फार आवडायची. ती फोनवर ध्वनिमुद्रित करून तिनं सगळ्या वाढप्यांना पाठवली होती. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाताना ती गुणगुणायची, आणि दोन भाकऱ्या झाल्या की ताट पुढं करायची.

"अक्का, तिसरी आहे?"

"हाय की. तुझ्यासाठी नसंल तर कुणासाठी?"

"तुम्ही बसा ना आमच्याबरोबर."

"मी मागनं बसते. तुमचं होऊ दे."

आषाढात मंजिरीच्या वाट्याचं पोतं तळाला गेलं. अक्कांनी सहज सांगावं तसं सांगितलं. मंजिरी तेव्हा तारा जोडत बसली होती. "रविवारी गावाकडं जाते, आणते." तो रविवार गेला. दुसऱ्या रविवारीही तिनं तेच शब्द म्हटले. राज्यभरच्या अन्नघरांचा कारभार बघणाऱ्या अन्नसेतू मंडळाचे अधिकारी श्रावण संपता संपता फुंकणी बघायला येणार होते. पसंत पडली तर राज्यातल्या प्रत्येक अन्नघराच्या दाराशी ती लागणार होती. मंगळवेढ्यात तिच्या बाबांच्या घरी कणगी ज्वारीनं गच्च भरलेली होती. पण तिसऱ्या रविवारी पोत्याची आठवण कुणाला?

*

मग श्रावण लागला, आणि वाढप्यांना एक गोष्ट नव्यानं कळली. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात. कार्यालयं ओस पडली, पातेली पालथी झाली. रोजचे दोनशे पुडे नव्वदावर आले.

आणि श्रावणाच्या पहिल्या सोमवारी रांगेतल्या निम्म्या बायकांचा दिवा लाल झाला.

"ए मंजिरी, यंत्र बिघडलं बे तुझं," अझर म्हणाला. अझर बागवान तिचा वर्गमित्र, नोंदी ठेवायचं काम त्याच्याकडं.

"बिघडलं नाही. उपास आहे आज."

"मग लालच दिसणार की. रमजानात मी फुंकलं असतं तर माझाही लाल."

पुढची बाई हसली. तिनं फुंकलं तर हिरवा. "माझाबी सोमवार हाय गं! पण साबुदाण्याची खिचडी खाऊन."

सगळी रांग हसली. मंजिरीला मात्र हसू येईना. जी आपखुशीनं उपाशी आणि जी नाइलाजानं उपाशी, दोघींचा श्वास यंत्राला एकच वाटत होता. नव्वद पुड्यांत व्रतवाल्यांना आधी देणं म्हणजे भुकेल्याच्या तोंडचा घास काढणं. घरी जाऊन तिनं तोडगा काढला. नळीच्या बाजूला एक बटण बसवलं. वाढप्यानं विचारायचं, "आज उपास आहे का?" हो म्हटलं की बटण दाबायचं, तो लाल दिवा भुकेत धरायचा नाही. आठवड्यात तीनदा बटण दाबलं गेलं तर नाव यादीत खाली.

बुधवारी ती स्वतः दाराशी उभी होती. रांग पुढं सरकत सरकत नरसम्माअक्का समोर आल्या. डोक्यावर पदर, हातात घडी केलेली पिशवी. त्यांनी फुंकलं.

दिवा लाल झाला. नुसता लाल नव्हे, जास्वंदीसारखा. फोनच्या पडद्यावर आकडा आला: छत्तीस तास.

मागं पन्नास माणसं होती. नळीला जोडलेला मोठा दिवा दारावर उंच होता, सगळ्यांना दिसावा म्हणून तिनंच तसा लावलेला. अक्कांची नजर दिव्यावर गेली आणि चटकन खाली आली. मंजिरीच्या पोटात दुपारच्या तीन भाकऱ्या होत्या. तिसरीची चव अजून जिभेवर होती. हिच्या हातची भाकरी खाऊन मी इथं उभी, आणि ही छत्तीस तास... नाही. असं कसं असेल?

"अक्का, तुमचा उपास असेल ना आज?" ती घाईघाईनं म्हणाली आणि उत्तर यायच्या आत अंगठा बटणावर टेकला.

अक्कांनी पिशवीची घडी नीट केली. मग म्हणाल्या, "हो की. उपास हाय."

लाल दिवा विझला. मंजिरीनं सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास कशाचा होता ते तिनं स्वतःला विचारलं नाही. बुधवारी कसला उपास, हेही नाही.

*

अधिकारी यायच्या आदल्या दुपारी अझर आणि ती प्रयोगशाळेत महिनाभराच्या नोंदी लावत बसले होते. आकडे देखणे होते. चुकीच्या हातात एकही पुडा गेलेला नव्हता.

"हे बघ," अझर म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "उपासवाल्यांचे आलेख बघ जरा."

पडद्यावर एक रेघ होती. सोमवारी चढलेली, मंगळवारी उतरलेली, पुन्हा सोमवारी चढलेली.

"हा खरा उपास. डोंगरासारखा. चढतो, उतरतो. रोजा संध्याकाळी सुटतो, तुमचा सोमवारही सुटतो. माणूस जेवतं, श्वास निवतो." त्यानं दुसरी रेघ आणली. "आता ही बघ. ही उतरतच नाही. चढते, थोडी थांबते, परत चढते."

"जिन्यासारखी."

"जिन्यासारखी. हिनं सोमवारी उपास सांगितला. मंगळवारी सांगितला. बुध, गुरू, शुक्र. मंजिरी, ह्या बाईचा उपास सुटतच नाही."

सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. आपल्याकडं सात वारांना सात देव आहेत, आणि विचारणाऱ्याला सांगायला कुठलाही पुरतो. शेजारीण डोकावली की चूल न पेटलेल्या घरातली बाई हेच सांगत आली आहे, माझा आज उपास. मंजिरीनं स्वतःच्या आत्याला हे सांगताना ऐकलं होतं. आईनं तेव्हा आत्याला जेवायला शेजारी बसवून घेतलं होतं. हे सगळं तिला ठाऊक होतं. यंत्र बनवताना तेवढं आठवलं नव्हतं.

"असे किती आलेख आहेत?"

"त्रेचाळीस. सगळ्यांची नावं यादीच्या तळाशी. पुडे त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत." अझरनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "पहिलं नाव वाचू का?"

"नको," मंजिरी म्हणाली. तिला ते माहीत होतं.

*

ती धावत बोळात आली तेव्हा अक्का दाराशी भांडी पालथी घालत होत्या. दुपारचं जेवण झाल्या झाल्या त्या नेहमी तेच करायच्या. चूल पुसलेली, परात धुतलेली, जणू सगळी जेवून उठलीत. मंजिरी सरळ आत गेली आणि भाकरीच्या टोपलीवरचं फडकं उचललं. टोपलीच्या तळाशी दुसरं फडकं होतं. त्याखाली नुसता वेत, भाकरी नाही. एवढे महिने ती ह्या टोपलीतून खात होती, आत वाकून तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"काय हुडकतीस?"

"तुम्ही काय खाल्लंत आज?"

"उपास हाय माझा."

"अक्का."

अक्कांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुझं पोतं आषाढातच सरलं, मंजू. दोघी पोरींच्या ज्वारीत तिघींचं बसवायचं तर चौथीचं कुठनं निघणार?"

"मला सांगायचं ना!"

"दोनदा सांगितलं. दोनदा तू म्हणालीस रविवारी आणते. तिसऱ्यांदा सांगितलं तर ते मागणं झालं असतं." त्यांनी पदरानं हात पुसले. "जेवायला घालणाऱ्या बाईनं जेवणाऱ्या पोरीकडं मागायचं? शोभतं का?"

मंजिरी भिंतीला टेकून खाली बसली. तिसरी भाकरी. रोज तिसरी भाकरी. ती ताट पुढं करत होती आणि कुणाच्या तरी ताटातून ती भाकरी येत होती.

"अन्नघरात तरी खरं बोलायचं होतं. मी विचारलं तेव्हा नाही म्हणायचं होतं."

"तू विचारलंस कुठं? तू सांगितलंस." अक्का तिच्या शेजारी टेकल्या आणि मायेनं हसल्या. त्या हसण्यानं मंजिरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुझ्या त्या दिव्यानं माझी लाज पन्नास माणसांत लाल केली. मी म्हटलं, आता भुई फाटावी. तेवढ्यात तू उपास म्हणालीस. मला वाटलं, पोरीनं अब्रू झाकली माझी. मनात म्हटलं, पोर गुणाची हाय."

अक्कांची अब्रू झाकायला मंजिरीनं बटण दाबलं नव्हतं. स्वतःच्या पोटातल्या भाकऱ्यांना कुणी नाव ठेवू नये म्हणून दाबलं होतं. हे अक्कांना सांगावं की न सांगावं? सांगितलं तर त्यांच्या मनातली ती गुणाची पोरही मरणार होती. तिनं मान खाली घातली आणि सांगितलं. सगळं सांगितलं.

अक्कांनी ऐकून घेतलं. मग उठून त्यांनी पातेलं पुन्हा पालथं घातलं. "उद्या सायेब येणार ना तुझे? जा. अभ्यास कर," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी तिला "जेवलीस का" असं विचारलं नाही.

*

अन्नसेतू मंडळाचे कुलथे साहेब बारीक चणीचे, नम्र गृहस्थ होते. 'ओंजळ'च्या दिवाणखान्यात मंजिरीनं त्यांना आधी देखणे आकडे दाखवले, मग त्रेचाळीस जिने दाखवले. पारूताई कपाळाला हात लावून बसल्या.

"माझ्या यंत्रानं सगळ्यात उपाशी बायका वेचून बाहेर काढल्या, सर," ती म्हणाली. "आणि ते बटण मीच बसवलं."

तिला वाटलं होतं साहेब उठून जातील. ते तर खुर्चीत पुढं सरकले.

"पण मग हे उत्तमच झालं की! डोंगर आणि जिना. म्हणजे उपास खरा की खोटा हेही आता यंत्राला कळेल. बटणाची गरजच नाही. बाई काहीही सांगो, जिना दिसला की दिवा लाल. चारच दिवसांचं काम आहे तुम्हाला."

खरंच चार दिवसांचं काम होतं. मंजिरीच्या डोळ्यांपुढं ते सूत्र उभंही राहिलं. मग तिला रांग दिसली. राज्यभरातल्या रांगा. प्रत्येक दाराशी एक दिवा, आणि प्रत्येक दिव्यापुढं डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. उपास हाय म्हणणारी, आणि तिच्या डोक्यावर लाल होऊन तिला खोटी पाडणारा दिवा. गरिबाच्या घरात एवढी एकच भिंत उरलेली असते. तीही यंत्र पाडणार होतं, आणि बरोबर असूनच पाडणार होतं.

"नाही, सर."

"नाही म्हणजे?"

"नाही करणार. भूक मोजता येते. विचारता येत नाही. निदान अशी दाराशी उभं राहून नाही."

"मग पुडे नव्वद आणि माणसं दोनशे, हे तुम्ही कसं सोडवणार?" साहेबांच्या प्रश्नात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

"मला माहीत नाही," मंजिरी म्हणाली.

साहेब गेले. राज्यभर लागणारी फुंकणी पारूताईंच्या कपाटात गेली. मंजिरी पायरीवर बसून राहिली. शेवटी अझर शेजारी येऊन बसला.

"एक विचारू? जिने त्रेचाळीस होते. रांगेबाहेर डोंगर किती असतील माहितीये? एकट्या ह्या पेठेत, सोमवारी, सहाशेच्या वर घरं."

"मग?"

"अगं, खऱ्या उपासवाल्यांची त्या दिवशीची भाकरी कुठं जाते? ती तर उरलीच की."

मंजिरी पायरीवरून उठली. वर्षभर ती पातेली धुंडाळत होती. न खाल्लेली भाकरी तिच्या हिशेबात कधी आलीच नव्हती.

*

त्या रविवारी ती मंगळवेढ्याला गेली. दोन पोती एसटीच्या टपावरून घेऊन आली. अक्कांनी ती उतरवून घेतली, एका बाजूला ठेवली, आणि "वजन फार हाय, कंबर सांभाळ" असं म्हणाल्या. बाकी काही नाही.

आणि श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी वाढपी दारोदार फिरले. प्रश्न एकच, आणि तो भरल्या घराच्या दारात विचारायचा: "काकू, आज तुमचा उपास ना? मग तुमच्या वाटची भाकरी द्याल का?" बायका आधी दचकल्या, मग हसल्या, मग एकीनं दुसरीला हाक मारून सांगितलं. उपासाचं पुण्य पदरात पडतंय म्हटल्यावर कोण मागं राहतं? दिवस कलेपर्यंत 'ओंजळ'च्या अंगणात टोपल्यांवर टोपल्या चढल्या. पारूताईंनी रांग मोडली आणि पंगत मांडली. बोळाबोळांतून निरोप गेला, उपास सोडायला या. एकटीनं सोडू नये, चारचौघींत सोडावा.

उपास सोडायला यायची कुणाला लाज? सगळ्या आल्या. डोंगरवाल्या आल्या, जिनेवाल्या आल्या, आणि पंगतीत कोण कुठली ते कुणालाच ओळखू येईना. मंजिरी वाढत होती. आज तिच्या हातात नळी नव्हती, परडी होती.

पंगतीच्या टोकाला नरसम्माअक्का बसल्या होत्या. मंजिरी त्यांच्यापुढं वाकली. मान वर करायचं धाडस तिला झालं नाही. तिनं एक भाकरी वाढली. दुसरी वाढली. मग तिसरी.

"तीन?" अक्का म्हणाल्या.

"असू द्या."

"बस इथं." अक्कांनी सरकून जागा केली. "सकाळपासनं पळतीस. काय खाल्लंस?"

मंजिरीच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. त्या दुपारपासून तिला तिसरी भाकरी मागता आली नव्हती, आणि आज तर पहिलीही गिळवली नव्हती. "माझा..." ती म्हणाली आणि थांबली. तोंडात आलेला शब्द तिचा तिलाच ऐकू आला.

अक्कांनी तो ऐकला नाही असं दाखवलं. त्यांनी स्वतःच्या पानातली तिसरी भाकरी उचलली, तिच्यावर शेंगाचटणी घातली आणि मंजिरीच्या हातावर ठेवली.

"खा की, मंजू. आज टोपली खोल न्हाई."

मंजिरीनं घास तोडला. अंगणात पाटांचा, ताटांचा, हसण्याबोलण्याचा गलका होता. अक्का शेजारी बसून जेवत राहिल्या. तिच्या आधीही नाही, मागनंही नाही, तिच्याबरोबर.